मासोळीचे डोळे आणि आप्पांचा उपास

मी पंधरा वर्षांची असताना चिकोडीकडच्या एका कडक जैन घरात पत्रातून मासा आणि मध पाठवला होता.

घाबरू नका. मासा ताजा नव्हता आणि शिळाही नव्हता. तो उपमेतला होता. मधही बाटलीतला नव्हता. पण त्या घरात जो हलकल्लोळ झाला, तो खरा मासा पाटावर येऊन पडला असता तरी झाला नसता! आणि हे करणारी मी कोण? तर स्वतःच जैन शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही, आणि मध तर औषधालासुद्धा घरात येत नसे. आता नाती विचारतात, "आज्जी, तुला एवढं कसं कळलं नाही गं?" कळत होतं की! पण तेव्हा मी शिकलेली होते ना.

आमचं गाव निपाणीपासून गाडीवाटेनं दोन कोस. निपाणीला शांतूमामाकडे, म्हणजे आईच्या धाकट्या भावाकडे राहून मी मराठी सातवीची फायनल दिली आणि मुलींत पहिली आले. (मुली आम्ही तिघी होतो. एकीला गोवर आला आणि दुसरी परीक्षेच्या आठवडाभर आधी सासरी गेली.) परीक्षेसाठी मास्तरांनी अलंकार घोटून घेतले होते. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अतिशयोक्ती! व्याख्या अशा पाठ की एका दमात चौदा ओळी म्हणून दाखवायची. ते कुठं वापरायचे, कुणापुढं वापरायचे, हे मास्तरांनी सांगितलं नाही. परीक्षेत ते विचारत नाहीत.

घरी परतले आणि मी उच्छाद मांडला. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत असायची आणि मी मागं हात बांधून उभी!

"आई, भाकरी चंद्रासारखी, ही उपमा. भाकरी म्हणजे जणू चंद्रच, ही उत्प्रेक्षा. आणि भाकरी हाच चंद्र, हे रूपक!"

"आणि तव्यावरचा चंद्र करपाय लागलाय, त्यो कोण बघणार? उलथनं दे हिकडं!"

आप्पांना मात्र माझं भारी कौतुक. त्यांना स्वतःला सहीपुरतं लिहिता यायचं, तीही सही करताना जीभ बाहेर काढावी लागे. म्हणून गावात कुणाचं पत्र असलं की आप्पा माझा हात धरून नेत. "आमच्या रत्नीला लिहू द्या. ती निस्तं लिहीत न्हाय, सजवून लिहिती!" गावानं बरंच सोसलं. पण खरं संकट आलं ते माझ्या थोरल्या बहिणीवर.

राजमती आक्का तेव्हा अठराव्या वर्षात होती. त्या काळी अठरा म्हणजे बायका पाणवठ्यावर आवाज खाली करून बोलायच्या, असं वय! दोन स्थळं परत गेलेली. एकांनी सांगितलं, "पोरगी लई उंच हाय." दुसऱ्यांनी सांगितलं, "पोरगी बोलत न्हाय." आक्का खरंच फार बोलत नसे. (घरातलं सगळं बोलणं मीच वापरून टाकत होते, तिला उरणार कुठून?) तिसरं स्थळ शांतूमामानं आणलं. मुलगा नेमगोंडा. घरची शेती, घरात कानडी, पण मराठी सगळ्यांना येणारं.

ह्या नेमगोंडाला आक्कानं एकदाच पाहिलं होतं. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पूजेच्या गर्दीत तिच्या हातातला तांब्या निसटला. त्यानं तो उचलला, धोतरानं पुसला आणि न बोलता परत दिला. बस्स, एवढंच. पण तेव्हापासून आमच्या घरात तो तांब्या रोज चिंचेनं घासला जात होता. इतर भांडी काळी पडली तरी चालतील!

मामा म्हणाला, "त्यांच्यात आज्जीचा शब्द शेवटचा बघा, दाजी. व्रत घेतलेली बाई. तिला पोरीची सगळी माहिती लिहून पायजे. मी जाऊन वाचून दाखवतो."

"रत्नी हाय की!" आप्पा म्हणाले.

मी दौत-टाक घेऊन बसले. आक्का जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "रत्ने, नीट लिही गं."

नीट! मास्तरांनी शिकवलेलं एकही वाया घालवणार नव्हते मी. जुन्या कवितांतून नायिकेचं जे जे वर्णन वाचलं होतं, ते ते आक्काला नेसवलं. डोळे मासोळीसारखे. वाणी मधासारखी. मान शंखासारखी. केस म्हणजे जणू भुंग्यांचा थवा. चाल हत्तिणीसारखी. आप्पांना वाचून दाखवलं. त्यांना त्यातलं फार काही कळलं नाही, म्हणून ते फारच खूश झाले. "लई झाक!" म्हणाले. आई भाकरीत गुंतलेली. मामा पत्र टोपीत खोचून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला तो टोपी हातात घेऊन. मामाच्या डोक्यावरची टोपी हातात आली, की समजायचं.

"काय झालं रं शांतू?" आईनं विचारलं.

"काय व्हायचं ऱ्हायलंय? सोप्यात समदी बसल्याली. मी वाचाय लागलो. 'डोळे मासोळीसारखे.' आज्जी म्हणाली, 'एनु? मीनु?' म्हटलं, व्हय, मीनु, मासाच. तिनं कानावर हात ठेवलं. म्हटलं फुडचं वाचावं, म्हंजे निवळंल. फुडं मध!"

"अगं बाई!"

"'जेनु?' म्हणून वरडली. मग शंख. म्हणाली, शंख म्हंजे मेलेल्या जिवाचं घर की रं, ते पोरीच्या गळ्यात कशापायी? मग भुंगं. म्हणाली, पोरगी रोज वेणी घालती न्हवं? मग रोज किती भुंगं मरत असतील?"

आप्पांनी डोकं धरलं. "आणि हत्तीण?"

"हत्तीण आली तवर ती पाटावरनं उठली हुती, दाजी. जाता जाता म्हणाली, दारं रुंद करून घ्यायला आमच्याकडं सुतार न्हाय. 'बेड' म्हणून सांग. नको म्हणून सांग!"

कुणी मला रागावलं नाही. ते फार वाईट असतं. आई भिंतीकडं तोंड करून बसली. आक्का सुपात जोंधळे निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "रत्ने, माझे डोळे डोळ्यांसारखेच हाईत, असं लिहिलं असतंस तर चाललं नसतं का गं?" आणि मान खाली घातली. सुपात टप्पकन एक थेंब पडला. त्या दिवशी तांब्या घासला गेला नाही.

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. (हे अतिशयोक्त वाटेल. वाटू दे. मला खरंच तसं झालं होतं.) दोन दिवस मी मामाच्या पाठी लागले, "एकदाच, मामा! अजून एकच पत्र!" शेवटी तो म्हणाला, "बरं. पर ह्या वक्ताला धर्माचं लिही. आज्जीला धर्म दिसाय पायजे. आणि बिगी बिगी लिही, गाडी जुपल्याली हाय."

आता कुणीही शहाण्या मुलीनं काय केलं असतं? साधं लिहिलं असतं. मी विचार केला, आपलं नेमकं चुकलं कुठं? आणि मला साक्षात्कार झाला, की चूक अलंकार निवडण्यात झाली. उपमा नडली! मग ह्या खेपेला अतिशयोक्ती वापरावी.

मी लिहिलं: आमच्या घरी पाणी सात वेळा गाळल्याशिवाय पीत नाहीत. पायाखाली जीव येऊ नये म्हणून आमची आक्का इतकी जपून चालते, की सकाळी विहिरीवर गेली तर दुपारी घरी पोचते. आणि चुकून एखादी मुंगी जरी मेली, तरी आमचे आप्पा तीन दिवस निव्वळ पाण्यावर उपास करतात.

मामा दारातून हाका मारत होता. आप्पांना वाचून दाखवायला वेळच झाला नाही.

चार दिवसांनी निरोप आला. आज्जी स्वतः येणार! घरात आनंदीआनंद. आईनं अंगण सारवलं, आक्कानं तांब्या घासला. "काय लिहिलंतीस गं एवढं?" आईनं विचारलं. आता सांगणं भाग होतं. मी पाणी सांगितलं, चालणं सांगितलं. मुंगीपाशी आले आणि आप्पांचा चेहरा समोर दिसला. आप्पा म्हणजे दोन वेळा मिळून सात भाकऱ्या खाणारा माणूस. (ही अतिशयोक्ती नाही. मी मोजल्या आहेत.) मुंगी मी गिळून टाकली. म्हटलं, आज्जी काय मुंग्या मारायला येते थोडीच!

सकाळी गाडी दारात थांबली. गाडी हाकायला नेमगोंडा स्वतः. त्यानं आज्जीला उतरवलं आणि बैलांजवळच उभा राहिला, नजर जमिनीवर. आज्जी वाळकी, बुटकी, पांढऱ्या लुगड्यातली. दारात क्षणभर थांबून तिनं अंगण, दोरी, उंबरा, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आत आली.

"पाणी आण गं," आईनं आक्काला सांगितलं.

आक्का निघाली. सोप्यापासून माजघरापर्यंत पाच पावलं. ती तिनं मी लिहिल्याप्रमाणे टाकली! एक पाऊल. खाली बघणं. दुसरं पाऊल. खाली बघणं. मामानं मध्ये एक जांभई दिली. तोवर आत गेलेल्या आईचा आवाज: "एक... दोन... तीन..." पाणी गाळणं चालू होतं. आज्जीच्या हातात तांब्या पडला तेव्हा तिची तहान मेली असावी.

आणि आप्पा! आप्पा बिचारे आदबीनं पुढं आले, म्हणाले, "आज्जी, ह्या पाटावर बसा, ह्यो चांगला हाय," आणि पाट उचलून दुसरीकडं ठेवला. आज्जी बसायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"अय्यो. मुंगी."

पाटाच्या पायाशी एक मुंगी. चपटी. ती सकाळपासूनच मेलेली असेल, असं मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. पण माझी शपथ विचारतो कोण? तेवढ्यात आमचा शांतूमामा, ज्याला आयुष्यभर नको तिथंच सगळं आठवत आलं, तो उत्साहानं म्हणाला,

"आता बघा आज्जी! आता आमचं दाजी तीन दिवस पाण्यावर ऱ्हात्यात! पत्रात वाचलो न्हवं का मी?"

आप्पांनी मामाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. माजघरात शेंगांची पोळी झाली होती, वास सोप्यापर्यंत येत होता. आप्पांनी एकदा तो वास खोल ओढून घेतला आणि म्हणाले, "व्हय. तशी... तशी आमची रीत हाय."

"लई चांगली रीत," आज्जी म्हणाली. "असल्या माणसाचं पारणं बघितल्यालं पुण्य असतंय. मी ऱ्हातो तवर. नेमगोंडा, तू जा. तीन दिसांनी गाडी घेऊन ये." (तिकडं बायकाही 'ऱ्हातो, जातो' असंच बोलतात.)

पारणं म्हणजे उपास सोडणं! म्हणजे ती तीन दिवस राहणार! मामा "मीबी येतो निपाणीपातूर" म्हणून गाडीत चढला, तो आक्काच्या लग्नालाच परत दिसला.

पहिल्या दिवशी आप्पा बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीला टेकले. दुपारी आडवे झाले. मी चोरून गुळाचा खडा घेऊन गेले तर कूस बदलून म्हणाले, "जा बाळ. पोरीनं लिवलंय, म्हंजे ते खरं व्हायला पायजे." ओरडले असते तर बरं झालं असतं हो! मी परसात जाऊन गवरीच्या ढिगामागं बसून रडले. रडताना एकही अलंकार सुचला नाही.

संध्याकाळी, ऊन उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा माझा धीर सुटला. आज्जी सोप्यात जपमाळ ओढत बसली होती. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"आज्जी, मी पत्रात लिहिलं ते खरं न्हाय."

"म्हंजे खोटं?"

"खोटं न्हाय. अतिशयोक्ती."

"ती काय असती?"

मी व्याख्या म्हटली, घाबरून उपमा-रूपकाची नावंही घेतली. माळ थांबली. "मग खोट्यात आणि तिच्यात फरक काय गं?"

हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं. मी चाचरत म्हटलं, "खोटं बोललं तर ऐकणारा फसतो. हितं... हितं ऐकणाऱ्यालाबी ठाऊक असायला पायजे, की हे फुगवलंय." बोलले आणि मलाच ते पहिल्यांदा कळलं. सातवीत मुलींत पहिली आल्यानंतर!

"मला ठाऊक हुतं," आज्जी म्हणाली. "दारात उतरलो तवाच बघितलं. दोरीवर पाणी गाळायचं फडकं एकच. सात वेळा गाळणाऱ्या घरात एक फडकं पुरतंय व्हय?"

"मग आप्पांचा उपास?"

"त्यो मी कुठं सांगितला? त्यांनीच धरला. म्हटलं, बघू या." तिनं मला समोर बसवलं. "बरं, आता शिकव मला. उपमा म्हंजे काय?"

माजघराच्या दाराआड हालचाल झाली. आप्पांनी सगळं ऐकलं होतं. आईनं ताट वाढायला घेतल्याचा आवाज आला. आता फक्त आज्जीनं "जेवा" म्हणायचं बाकी होतं. आणि ऊन? ऊन उंबऱ्यावरून उतरून अंगणात गेलं होतं.

"उपमा म्हंजे एक वस्तू दुसरीसारखी हाय असं सांगणं," मी घाईनं म्हणाले.

"म्हंजे तुझा आप्पा तंबाखूच्या पानागत वाळलाय. ही उपमा?"

"व्हय आज्जी. पण ऊन..."

"आणि ते दुसरं? रूपक?"

"त्यात सारखी म्हणायचं न्हाय. तीच म्हणायची."

"म्हंजे आप्पा न्हवंच त्यो, वाळलेलं पान हाय. बरोबर?"

"बरोबर." ऊन तुळशीपाशी.

"मग अतिशयोक्ती अशी, की आप्पा एवढा वाळलाय, दार उघडं ठेवलं तर निपाणीच्या बाजारात जाऊन पडंल!"

दाराआडून एक हुंदका आला. आज्जीनं लक्ष दिलं नाही. तिला गोडी लागली होती. "मला एक सांग. पोरीचं बोलणं गोड, हे सांगाय मधच कशाला पायजे हुता? गुळासारखं म्हणायचं की! घरचं गुऱ्हाळ हाय न्हवं? डोळं वासराच्या डोळ्यांसारखं म्हणायचं. मी काय, आमच्या गोठ्यातलं वासरू बघून खूश झालो असतो. मासा मी बघितलाय कुठं जन्मात?"

चौदा ओळींच्या व्याख्येत गूळ कुठंच नव्हता.

"बरं, जा," आज्जी म्हणाली. "आप्पाला म्हणावं, जेव."

'जेव'मधला 'व' व्हायच्या आत आप्पा ताटावर होते! भाकरी मोडली, घास भाजीत बुडवला, तोंडापर्यंत नेला. आणि त्यांची नजर दारातून बाहेर गेली. तुळशीवरचं ऊन गेलं होतं. शेंड्यावरचंही गेलं होतं. सूर्य मावळला होता.

आप्पांनी घासाकडं पाहिलं, जसं माणूस गाडी सुटताना खिडकीतल्या माणसाकडं पाहतं (ही उपमा मला नंतर सुचली) आणि घास गुपचूप ताटात परत ठेवला. हात धुतले. "उद्या सकाळी बघू," म्हणाले आणि भिंतीशी जाऊन पडले.

आज्जीनं माळ खाली ठेवली. मग मला म्हणाली, "पोरीचा शब्द पडू नये म्हणून दोन दिवस उपाशी. आणि नेम मोडू नये म्हणून आजची रात. हे का न्हाय लिहिलंस पत्रात? आणि तुझी आक्का बी कालपासनं जेवली न्हाय, बाप जेवला न्हाय म्हणून. ते तरी लिहायचं!"

मी गर्रकन वळून आक्काकडं पाहिलं. ती तांब्या घेऊन दारात उभी होती. दोन दिवस माझ्या शेजारी बसली, उठली, आणि मला पत्ताच नव्हता. मी अलंकारांच्या विवंचनेत होते.

सकाळी सूर्य उगवला. त्या सूर्याची जेवढी वाट आमच्या घरानं पाहिली, तेवढी कुणी कशाची पाहिली नसेल. आप्पांनी आणि आक्कानं समोरासमोर बसून पारणं केलं. आप्पांनी किती भाकऱ्या खाल्ल्या ते सांगत नाही, तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल. दुसऱ्या दिवशी नेमगोंडा गाडी घेऊन आला तेव्हा आज्जीनं आक्काच्या ओटीत नारळ घातला आणि सांगितलं, "पोरगी आमची." आक्का पाणी आणायला आत गेली ती धावत! उंबऱ्याला ठेचकाळली, तांब्या हातातून सुटला आणि गडगडत अंगणात नेमगोंडाच्या पायाशी गेला. त्यानं तो उचलला, धोतरानं पुसला. ह्या वेळी मात्र हसला.

आज्जी गाडीत बसली. मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, आशीर्वाद देणार, शिकवल्याबद्दल कौतुक करणार. मी पदर सावरून, मान लववून जवळ गेले. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली,

"पोरी, उद्या तुझं लगीन काढतील, तवा पत्र तुझ्या आक्काकडनं लिहून घे हां."

"पण आज्जी, आक्काला लिहायला येत न्हाय!"

"म्हणूनच सांगालोय."